डबीवर वर्ष नव्हतं

आमच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही जुना सिनेमा लावतो. कोणता लावायचा ते दर वेळी एकेकाने ठरवायचं. गेल्या एप्रिलमध्ये माझी पाळी होती आणि मी ‘द बॅट’ हा कृष्णधवल रहस्यपट निवडला. ती संध्याकाळ पार फसली. का फसली, त्यात सिनेमाची चूक किती, माझी किती आणि पुढे काय केल्यावर जमलं, ते जसं घडलं तसं लिहिते. जुने भयपट, रहस्यपट हौसेने जमवणारे आणि चारचौघांना दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांचे पैसे आणि वेळ वाचावा, एवढ्यासाठी.

मी नाशिकला राहते. शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. रहस्यकथांची ओढ घरातूनच आली. वडील बाबुराव अर्नाळकरांचे वाचक. झुंजार आणि काळापहाड ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. दिवे गेले की वडील कंदिलाच्या उजेडात त्यातलीच एखादी गोष्ट सांगायचे. पुढे मी नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचल्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचल्या. गोष्ट वाचताना गुन्हेगार कोण याचा अंदाज मनात बांधायचा आणि शेवटी तो ताडून बघायचा, ही सवय वडिलांची. तीच मला लागली.

‘द बॅट’कडे मी वळले ती भाचीच्या मुलामुळे. त्याला बॅटमॅनचं वेड. त्याच्यासाठी म्हणून मी त्या पात्राबद्दल वाचत होते. बॅटमॅन १९३९ साली चित्रकथेत पहिल्यांदा आला. त्याचा एक निर्माता बॉब केन याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की, १९३० चा ‘द बॅट व्हिस्पर्स’ हा चित्रपट त्याच्या मनात होता. त्यात वटवाघळाचा वेष घेऊन फिरणारा एक खुनी आहे. रोलंड वेस्ट या दिग्दर्शकाने घरांच्या छोट्या प्रतिकृती बांधल्या आणि त्यांच्यावरून कॅमेरा झपकन खाली आणला, असंही वाचलं. वेस्टनेच १९२६ साली हीच गोष्ट मूकपटात केली होती. तो मूकपट बराच काळ हरवला असं समजत होते. हे सगळं वाचून मला फार उत्सुकता वाटली. मंडळात हाच लावायचा, असं ठरवूनच टाकलं.

जुन्या डीव्हीडी विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे चौकशी केली. त्याच्याकडे एका चकतीवर चार भयपट असलेला संच होता. किंमत २५० रुपये. डबीवर भिंतीवर पडलेली वटवाघळाची सावली आणि ‘द बॅट’ हे नाव. वर्ष कुठेच नव्हतं, दिग्दर्शकाचं नावही नव्हतं. मी विचारलं, ‘हाच ना तो बॅटमॅनवाला?’ तो म्हणाला, ‘हो ताई, हाच.’ मी पैसे दिले.

इथे माझी पहिली चूक झाली. चकती मी आधी लावून पाहिली नाही. वेळ नव्हता असं नाही. मला सगळ्यांबरोबर पहिल्यांदा घाबरायचं होतं. म्हणून ती तशीच पिशवीत ठेवली आणि शनिवारी हॉलवर घेऊन गेले.

कार्यक्रम संध्याकाळी पाच वाजता होता. मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांची तीच वेळ. २६ माणसं आली. इतकी सहसा येत नाहीत. मी आठवडाभर सांगत फिरले होते, त्याचा परिणाम. सुरुवातीला मी दहा मिनिटं बोलले. १९३० साल, छोट्या प्रतिकृती, बॅटमॅन, सगळं सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं. मग दिवे मालवले.

पडद्यावर पहिली नावं आली ती व्हिन्सेंट प्राइस आणि ॲग्नेस मूरहेड यांची. मागे गिटारचं झणझणीत जॅझ संगीत. शेजारच्या ओळीत बसलेले एक काका इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते हळूच म्हणाले, ‘ताई, प्राइस १९३० साली सिनेमात नव्हता.’ त्यांचं बरोबर होतं. प्राइस सिनेमात आला १९३८ ला. माझ्यापुढे सुरू झालेला ‘द बॅट’ १९५९ चा होता. गोष्ट तीच, पण सिनेमा वेगळा, दिग्दर्शक वेगळा. क्रेन विल्बर त्याचं नाव. मी जे जे सांगितलं होतं त्यातलं काहीही या सिनेमात नव्हतं. मला तेव्हाच उठून तसं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. गप्प बसून राहिले.

दुसरी अडचण उजेडाची. एप्रिलमध्ये आमच्याकडे पावणेसातपर्यंत ऊन असतं. हॉलच्या खिडक्या पश्चिमेला आणि पडदे साधे सुती. रंगीत सिनेमाला हे चालून जातं, आम्ही अनेकदा चालवलं आहे. या सिनेमात खुनी काळा कोट, काळी टोपी आणि तोंडावर काळं फडकं घालून रात्री काळ्या बागेतून येतो. आम्हाला दिसत होती फक्त राखाडी भिंत. मागच्या ओळीतून एक आजी विचारत होत्या, ‘आला का गं? कुठे आहे?’ मी दोन चादरी आणून खिडक्यांवर लावायला लावल्या. थोडा फरक पडला, फार नाही. चकतीवरची प्रतही मुळात अंधारी होती. चेहऱ्यावर उजेड असेल तर पांढरा ठिपका, नसेल तर नुसतं काळं.

तिसरी अडचण आवाजाची. ही गोष्ट मुळात नाटक आहे. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या अमेरिकन लेखिकेने ॲव्हरी हॉपवूडबरोबर लिहिलेलं ते नाटक १९२० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. त्याआधी १९०८ ची तिची ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ ही कादंबरी होती. त्यामुळे १९५९ च्या सिनेमातही माणसं खोलीत उभी राहून बोलतात, बोलतात आणि बोलतात. बँकेतून दहा लाख डॉलरचे रोखे कोणी पळवले, घरात ते कुठे लपवलेत, नकाशा कोणाकडे आहे, सगळं बोलण्यातूनच कळतं. आमचे स्पीकर भजनाला पुरतात. इंग्रजी संवादाला पुरले नाहीत. चकतीवर सबटायटल्स नव्हती. अर्ध्या लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि ज्यांना इंग्रजी येतं त्यांना ऐकू येत नव्हतं.

चहाच्या वेळी दहाजण गेले. वडे खाऊन आणखी पाच गेले. शेवटपर्यंत ११ माणसं होती, मला धरून. दिवे लागल्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, तुमचं वाचन मोठं आहे. पण आज काही कळलं नाही.’ त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चकती घरी लावली आणि घड्याळ लावून बसले. या सिनेमाची लांबी ८० मिनिटं आहे असं वाचलं होतं. माझ्या चकतीवर तो ७७ मिनिटांत संपला. माझी खात्रीच झाली की, मधले प्रसंग कापले आहेत आणि म्हणूनच कोणाला काही कळलं नाही. मी विक्रेत्याला फोन केला, जरा चढ्या आवाजात बोलले, पैसे परत मागितले. तो म्हणाला, ‘कापलं नाही ताई, असंच येतं.’ मी विश्वास ठेवला नाही.

माझी भाची पुण्यात व्हिडिओ संकलनाचं काम करते. तिला विचारलं तेव्हा तिने समजावलं. सिनेमाच्या फिल्मवर एका सेकंदाला २४ चित्रं असतात. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत, जिला पाल म्हणतात, तिच्यात सेकंदाला २५ चित्रं लागतात. चकती तयार करताना बहुतेक वेळा सिनेमा थोडा वेगाने पळवतात आणि हिशेब जुळवतात. म्हणजे चार टक्के लवकर संपतो. ८० मिनिटांचे ७७ होतात. काहीही कापलेलं नसतं, फक्त आवाज किंचित चढा लागतो. मी विक्रेत्याला पुन्हा फोन केला आणि त्या मुद्द्यापुरती माफी मागितली. डबीवर वर्ष नाही आणि ‘हाच तो’ म्हणून चुकीचं सांगितलं, ही तक्रार मात्र कायम ठेवली. त्याने पैसे परत दिले नाहीत. मीही पुढे ताणलं नाही.

प्रत इतकी वाईट का, तेही भाचीकडूनच कळलं. अमेरिकेत १९६४ च्या आधीच्या चित्रपटांचा स्वामित्वहक्क २८ वर्षांनी अर्ज करून पुन्हा नोंदवावा लागे. असे कितीतरी चित्रपट राहून गेले. १९५९ चा ‘द बॅट’ही तिथे आज कोणाच्याच मालकीचा नाही. मालक नाही म्हणजे चांगली प्रत सांभाळायला आणि बाजारात आणायला कोणी बांधील नाही. ज्याच्या हाती जी प्रत लागेल ती तो चकतीवर घालतो. एका चकतीवर चार सिनेमे कोंबले की चित्र आणखी दाबलं जातं. माझ्या चकतीचं तेच झालं होतं. आणि डबीवरची ती सावली १९३० च्या सिनेमाची आठवण करून देणारी होती.

भाचीने एक बरी प्रत शोधून दिली आणि तिला इंग्रजी सबटायटल्स जोडून दिली. मी ती रात्री साडेनऊला, सगळे दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून एकटीने पाहिली. मला एकच जाणून घ्यायचं होतं. सिनेमा वाईट होता की आम्ही तो वाईट दाखवला?

उत्तर असं की, दोन्ही.

चांगल्या प्रतीत घर दिसतं. कॉर्नेलिया व्हॅन गॉर्डर ही रहस्यकथा लिहिणारी प्रौढ बाई उन्हाळ्यासाठी खेड्यातलं मोठं घर भाड्याने घेते. गावात वटवाघूळ नावाच्या खुन्याची दहशत आहे. त्याच्या हाताला पोलादी नखं आहेत. नोकर घाबरून पळतात. उरतात ती कॉर्नेलिया, तिची सोबतीण लिझी आणि वॉर्नर नावाचा शोफर. त्याला ती बटलर करते. दोन्ही बायका रात्री एकाच खोलीत दार लावून झोपतात, पण घर सोडत नाहीत. ॲग्नेस मूरहेडने ही बाई फार नेमकी उभी केली आहे. तिला कारकिर्दीत ऑस्करची चार नामांकनं मिळाली, ती उगाच नाही. घाबरलेली असूनही ती प्रश्न विचारायचं सोडत नाही. हॉलमध्ये शेवटपर्यंत बसलेल्या ११ जणांत आठ बायका होत्या. त्यातल्या दोघीतिघी मला नंतर म्हणाल्या होत्या, ‘बाकी कळलं नाही, पण ती बाई आवडली.’ मला ते आता पटलं.

पण बाकीचं जमलेलं नाही. आणि इथे दोष प्रतीचा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, सिनेमा सुरू होऊन फार वेळ झालेला नसताना आपल्याला एक खून उघड दाखवतात. बँकेचा अध्यक्ष जंगलातल्या शिकारीच्या झोपडीत डॉक्टर वेल्सला सांगतो की, पैसे मीच पळवलेत. वाटेकरी हो आणि माझ्या मरणाचा बनाव करायला मदत कर. डॉक्टर त्यालाच मारतो. हा डॉक्टर म्हणजे व्हिन्सेंट प्राइस. शिवाय तो घरी वटवाघळांवर प्रयोग करतो. आता बघणाऱ्याने काय करायचं? डॉक्टर वाईट आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तोच वटवाघूळ असेल तर रहस्य उरलं नाही. तो नसेल तर मग आपण त्याच्यामागे उगाच फिरतो आहोत. दोन्हीकडे रस कमी होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. गुन्हेगार कोण ते शेवटी कळतं, पण आपल्याला ते ओळखायची संधी दिलेली नसते. मी पुन्हा एकदा सिनेमा पाहिला, वही घेऊन. कोण कधी खोलीत होतं, कोणाच्या हाताला जखम झाली, कोण काय खोटं बोललं, टिपून काढलं. त्या माणसाकडे बोट दाखवणारा एकही धड धागा मला सापडला नाही. तो कोणाच्या बुद्धीने पकडलाही जात नाही. ज्या गोष्टीत नायिका स्वतः रहस्यकथा लिहिते, तिथे तरी शेवटी तिने विचार करून गाठ सोडवायला हवी होती. वडील अशा पुस्तकाला ‘फसवलं’ म्हणायचे आणि वाचनालयात परत देताना शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक फुली मारायचे. पुस्तकावर खूण करणं चूक आहे, हे ग्रंथपाल झाल्यावर मीच मुलांना सांगत आले. पण ती फुली त्या रात्री मला आठवली.

तिसरी गोष्ट भीतीची. भयपटात घर अंधारं असावं लागतं. या घरात मध्यरात्रीही कोपरान् कोपरा उजळलेला आहे, टीव्ही मालिकेसारखा. खुनी जिन्यावरून येतो तेव्हा त्याच्या कोटाची शिवणही दिसते. त्याच त्याच घरात तो पुन्हा पुन्हा शिरतो, भिंत ठोकून बघतो आणि निघून जातो. माणसंही रात्री एकेकटी तळघरात, माळ्यावर जातात, कारण तशी पटकथेला गरज आहे. विल्बरनेच १९५३ च्या ‘हाउस ऑफ वॅक्स’ची पटकथा लिहिली होती. तो सिनेमा मी पूर्वी पाहिला आहे आणि घाबरले आहे. म्हणजे भीती कशी घालायची ते विल्बरला ठाऊक होतं. इथे ते उतरलं नाही.

प्राइसबद्दलही सांगायला हवं. १९५८ चा ‘द फ्लाय’ आणि १९५९ चा ‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’ यांनी त्याचं नाव भयपटाशी पक्कं जोडलं होतं. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्यात शेवटी जो खर्जातला आवाज आणि हास्य येतं, ते त्याचंच. ‘द बॅट’च्या जाहिरातीत तो सगळ्यात पुढे असतो. प्रत्यक्षात त्याला काम थोडं आहे. जो प्राइससाठी हा सिनेमा घेईल त्याची निराशाच होईल.

नंतर मी १९३० चा ‘द बॅट व्हिस्पर्स’ही मिळवला, तोही भाचीच्याच मदतीने. मी ज्याची स्तुती करत होते तो तरी कसा आहे ते बघायला हवं होतं. सुरुवातीला उंच इमारतीवरचं मोठं घड्याळ आणि तिथून कॅमेरा सरळ खाली रस्त्यावर झेपावतो. १९३० साली हे केलंय यावर विश्वास बसत नाही. सावल्या खरोखर भीतीच्या आहेत. शेवटी चेस्टर मॉरिस पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो की, वटवाघूळ कोण ते बाहेर कोणाला सांगू नका. म्हणून मीही या लेखात ते सांगितलेलं नाही. पण मधला मोठा भाग मोलकरणीच्या किंकाळ्या आणि दारं उघडणं-लावणं यात जातो. मंडळात हा लावला असता तरी चहानंतर माणसं गेलीच असती, फक्त थोडी कमी. हेही मला मान्य करावं लागलं.

या सगळ्यात लेखिकेबद्दल जे वाचलं ते मात्र मनात राहिलं. राइनहार्ट आधी परिचारिकेचं शिक्षण घेतलेली बाई. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये ती वारली, म्हणजे हा सिनेमा तिने पाहिलाच नाही. १९४७ साली तिच्या उन्हाळ्याच्या घरी तिच्याच वर्षानुवर्षांच्या स्वयंपाक्याने तिच्यावर पिस्तूल रोखलं. गोळी सुटली नाही. मग तो सुरे घेऊन धावला. घरातल्या इतर नोकरांनी तिला वाचवलं. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. या बाईने कॉर्नेलियासारखी न डगमगणारी नायिका लिहिली, यात मला नवल वाटलं नाही.

मे महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं की, मागच्या वेळी माझी प्रस्तावना चुकीची होती. मी १९३० च्या सिनेमाची माहिती सांगितली आणि १९५९ चा सिनेमा दाखवला. आधी पाहिला नव्हता हेही सांगितलं. बोलताना आवाज थोडा कापला. प्राध्यापक काका म्हणाले, ‘मीही तेव्हाच मोठ्याने सांगायला हवं होतं.’ मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की, मला आणखी एक पाळी द्यायची.

ती पाळी जुलैमध्ये आली. या वेळी मी आधी तीन सिनेमे घरी पूर्ण पाहिले. त्यातला एक ‘द स्पायरल स्टेअरकेस’. १९४६ चा, रॉबर्ट सिओडमाकचा. इथे पुन्हा नावाचा घोटाळा आहे, म्हणून सांगते. राइनहार्टच्या ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’शी याचा काही संबंध नाही. हा एथेल लिना व्हाइट या लेखिकेच्या वेगळ्याच कादंबरीवर आहे. पण कृष्णधवल भयपट आणि गुन्हेगाराचा शोध दोन्ही एकत्र हवं असेल तर हा घ्या. वादळी रात्र, मोठं घर आणि मुकी झालेली एक मुलगी. तिला मदतीसाठी हाकही मारता येत नाही. मी एकटी असताना मध्येच थांबवून दाराची कडी बघून आले. मंडळात मात्र इंग्रजीचा प्रश्न पुन्हा आलाच असता.

म्हणून शेवटी ‘पाठलाग’ ठरवला. १९६४ चा, राजा परांजपे यांचा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. यावरूनच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ झाला. ‘पाठलाग’ भयपट नाही, हे खरं. पण बायको गेली असं मानणाऱ्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून उभी राहते, तेव्हा अंगावर काटा येतो. आणि खरं काय ते कोर्टातल्या प्रश्नोत्तरांतून हळूहळू उलगडतं. बघणाऱ्याला विचार करायला जागा मिळते.

कार्यक्रमाची वेळ साडेसातची ठेवली. तसं पत्रक आधी लावलं, कारण काहींना औषधं आणि जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. खिडक्यांवर दुहेरी काळं कापड शिवून घेतलं, त्याला ९०० रुपये खर्च आला. मंडळाने दिला. आदल्या दिवशी हॉलमध्येच दहा मिनिटं सिनेमा लावून मागच्या ओळीत बसून बघितलं, दिसतंय का आणि ऐकू येतंय का. स्पीकर पडद्याशेजारून काढून मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना ठेवले. एवढ्यानेच आवाज स्पष्ट झाला. बाहेर पाऊस होता, तरी संवाद कळत होते. ज्या आजी ‘कुठे आहे?’ विचारत होत्या, त्या या वेळी पहिल्या ओळीत बसल्या.

२३ माणसं आली. मध्यंतरात चहा झाला आणि २३ च्या २३ परत येऊन बसली. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कोणी उठलं नाही. मग दोन गट पडून वाद सुरू झाला की, पहिल्यांदा संशय कोणाला कधी आला. अध्यक्षांनी दहा वाजता दिवे बंद करायची आठवण करून दिली.

‘द बॅट’ची चकती मी टाकून दिलेली नाही. डबीवर कागदाची पट्टी चिकटवून मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पट्टीवर लिहिलंय: ‘१९५९. दिग्दर्शक क्रेन विल्बर. ७७ मिनिटं, कापलेला नाही. प्रत अंधारी. सबटायटल्स नाहीत. ॲग्नेस मूरहेडसाठी बघावा. रात्री आठनंतर.’